आग्वादच्या वाळूपट्ट्यावर खोलीचा आकडा गायब, सेल्फ मारला की सगळे डिस्प्ले रीस्टार्ट: एनएमईए २००० ची जोडणी कुठे चुकली?

नेरूलकर
नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझी २८ फुटी फायबरची बोट आहे, पुढे छोटी केबिन, मागे मोकळा डेक, एक आउटबोर्ड. नेरूलच्या खाडीत नांगरलेली असते. चवथ झाली की सीझन सुरू होतो, मग पाहुण्यांना गरवायला घेऊन जातो. मागच्या वर्षी हिंमत करून बोटीवर सगळं नवीन बसवून घेतलं. चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा), दोन छोटे डिस्प्ले (एक केबिनमध्ये, एक मागच्या डेकवर), टपावर जीपीएस अँटेना, एआयएस (आसपासच्या बोटी दाखवणारा), व्हीएचएफ रेडिओ, मागे ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवर, खोली आणि वेगाचा सेन्सर, आणि इंजिनाची माहिती दाखवणारा गेटवे. सगळं एकाच एनएमईए २००० केबलवर, म्हणजे बोटीवरची उपकरणं जिच्यावरून एकमेकांना माहिती देतात ती. एक कारागीर आला, दोन दिवसांत जोडून गेला. सहा महिने उत्तम चाललं.

आता गेल्या रविवारचं सांगतो. तिन्हीसांजेला परत येत होतो, बोटीवर सहा पाहुणे, त्यात दोन लहान मुलं. आग्वादचा कोपरा वळलो. मांडवीच्या तोंडाशी जो वाळूचा पट्टा आहे तो पावसाळ्यानंतर कसा सरकतो हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, चार्टवरच्या आकड्यावर तिथे भिस्त ठेवता येत नाही. मागून लाट येत होती. डिस्प्लेवर २.६, २.४, २.१ असं उतरत गेलं आणि मग आकड्याच्या जागी तीन आडव्या रेघा. प्लॉटर चालू, जीपीएस चालू, फक्त खोली नाही. मी इंजिन हळू केलं आणि पाण्याच्या रंगावर, फुटणाऱ्या लाटेवर नजर ठेवून बोट आत आणली. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. खाडीत शिरल्यावर आकडा आपोआप परत आला.

दुसरी तक्रार जुनी आहे. सेल्फ मारला की सगळे डिस्प्ले काळे होतात आणि पुन्हा चालू होतात. कारागीर म्हणाला, असं होतंच. तोच आता म्हणतोय की खोलीचा सेन्सर गेला, नवीन घ्या.

घेण्याआधी इथे विचारतोय. सेन्सरच गेला असेल का?

गाड्यांचा_इंजिनिअर_पुणे
भाऊ, सेन्सर अजिबात घेऊ नका. आधी मल्टिमीटर घ्या.

मी बोटवाला नाही, पण रोजचं काम ट्रक-बसच्या वायरिंगवर आहे आणि तुमचं एनएमईए २००० आतून आमचंच भावंड आहे. कॅन बस, म्हणजे एकाच तारजोडीवर सगळ्या उपकरणांनी बोलायची पद्धत, ती बॉशने १९८६ साली गाड्यांसाठी आणली. त्यावर अवजड वाहनांचं जे१९३९ आलं आणि त्याच धर्तीवर बोटींसाठी एनएमईए २०००. वेग सेकंदाला २५० किलोबिट. एकाच केबलमध्ये पाच तारा: लाल आणि काळी वीज नेतात, पांढरी आणि निळी माहिती नेतात, आणि उघडी तार शील्डची.

पहिली तपासणी फुकटात होते. जाळ्याची, म्हणजे या सगळ्या नेटवर्कची, वीज बंद करा. कुठलंही एक उपकरण सोडवा आणि त्या मोकळ्या झालेल्या कनेक्टरमध्ये पांढऱ्या आणि निळ्या तारेच्या पिनांमध्ये ओहम मोजा. मुख्य केबलच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (टोकाला लावायचा रोध) असतो. ते दोन समांतर पडतात, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टर्मिनेटर नाही. ४० आलं तर कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय. मीटर काहीच दाखवत नसेल तर एकही नाही किंवा तार तुटलीय.

मोजून इथे आकडा टाका, पुढे बोलू.

डीसी_वायरमन_वास्को
पुण्याच्या मित्राशी सहमत. मी ३४ वर्षं जहाजांवर आणि नंतर वास्कोत बोटींवर इलेक्ट्रिशियन म्हणून काम केलं. या जाळ्यांत उपकरण बिघडलेलं मला फार कमी वेळा सापडलं. बिघाड असतो वीज देण्यात, जॉइंटमध्ये आणि टोकांना.

नेरूलकर, मला चार गोष्टी सांग.
जाळ्याला वीज कुठून घेतली आहे, इंजिनाच्या बॅटरीवरून की सर्व्हिस बॅटरीवरून?
वीज मुख्य केबलच्या टोकाला दिली आहे की मधे?
मुख्य केबल किती मीटर?
आणि खोलीच्या सेन्सरची वायर टी-कनेक्टरपर्यंत (मुख्य केबलला फांदी जोडायचा तिकाटणा) किती लांब येते?

सेल्फ मारल्यावर डिस्प्ले बंद होणं ‘असं होतंच’ या सदरात बसत नाही. ती जोडणीतली चूक आहे आणि ती दुरुस्त होते.

देवगडचा_शिडवाला
माझ्याकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं आहेत, एकाचा प्लग सीटॉक-एनजी नावाच्या वेगळ्या प्रकारचा आणि बाकीचे नेहमीचे गोल पाच पिनांचे. आत भाषा एकच असल्यामुळे अडॅप्टर केबलने छान जमतं. फक्त टर्मिनेटर कुठल्या बाजूचे ठेवायचे यात गोंधळ होतो. मी सुरुवातीला दोन्ही पद्धतींचे ठेवले होते आणि मीटरवर बरोबर ४० आलं होतं.

नेरूलकर
सर्वांचे आभार. आज मोजलं.

पांढरी-निळीमध्ये ११८ ओहम आले.

काका, तुमच्या प्रश्नांची उत्तरं: वीज इंजिनाच्या किल्लीच्या स्विचवरून घेतली आहे, म्हणजे इंजिनाची बॅटरी. मुख्य केबल केबिनमधल्या पॅनेलपासून सुरू होते, टपावरून जाते आणि मागच्या डेकवरच्या डिस्प्लेपाशी संपते, साधारण १० मीटर. वीज पॅनेलच्या टोकाला दिली आहे. सेन्सरची वायर दुसऱ्या बाजूने, बिल्जमधून (बोटीच्या तळाशी पाणी साठतं ती जागा) थेट पॅनेलपर्यंत आली आहे. दोरी धरून मापली, ९ मीटर भरली. मधे एक जॉइंट आहे असं वाटतंय, टेप गुंडाळलेला दिसतो.

डीसी_वायरमन_वास्को
म्हणजे एका जाळ्यात चार चुका आहेत. एकेक घेतो.

११८ म्हणजे एका टोकाला टर्मिनेटर नाही. मागच्या डिस्प्लेच्या टी-ला शेवटी काय लावलंय ते काढून बघ. टर्मिनेटर आणि नुसतं झाकायचं टोपण लांबून सारखंच दिसतं.

सेन्सरची वायर ९ मीटर चालत नाही. टी-पासून उपकरणापर्यंतची एक फांदी जास्तीत जास्त ६ मीटर, आणि बोटीवरच्या सगळ्या फांद्या मिळून ७८ मीटर. मुख्य केबल मात्र या बारीक प्रकारात १०० मीटरपर्यंत नेता येते. म्हणून लांब जायचं असेल तर मुख्य केबल लांब न्यायची आणि फांदी आखूड ठेवायची. तुझ्या कारागिराने उलट केलं.

इंजिनाच्या बॅटरीवरून वीज घेणं ही तिसरी चूक. स्टार्टर मोटर ओढते तेव्हा बॅटरीचं व्होल्टेज दोन-अडीच व्होल्टने सहज पडतं. हे जाळं ९ ते १६ व्होल्टमध्ये चालतं, ९ च्या खाली गेलं की उपकरणं मान टाकतात.

चौथी चूक टोकाला वीज देण्याची. बोट लहान असेल तर ती खपते, पण तुझ्याकडे आठ उपकरणं आहेत. प्रत्येक उपकरणाच्या पुस्तिकेत एलईएन नावाचा आकडा असतो, ते जाळ्यातून किती करंट ओढतं ते सांगणारा. १ एलईएन म्हणजे ५० मिलिअँप. सगळ्यांचे आकडे बघून बेरीज कर.

गाड्यांचा_इंजिनिअर_पुणे
काकांनी सांगितलं त्यात टर्मिनेटरचं कारण जोडतो, कारण ‘सहा महिने चाललं ना’ हा प्रश्न पुढे येणारच.

खाडीच्या भिंतीवर लाट आपटली की ती मागे फिरते आणि पुढून येणाऱ्या लाटेत मिसळते. तारेच्या मोकळ्या टोकाला सिग्नल पोचला की तेच होतं. टर्मिनेटर त्या लाटेला जिरवतो. २५० किलोबिटला एका बिटला ४ मायक्रोसेकंद मिळतात. केबल १० मीटरची असेल तर परतलेली लाट त्यातच विरून जाते आणि जाळं एका टर्मिनेटरवरही चालतं. पण त्यात ९ मीटरची फांदी, कमी व्होल्टेज आणि ओले जॉइंट यांची भर पडली की उरलीसुरली सवलत संपते. म्हणून असा दोष कधी दिसतो, कधी नाही, आणि सगळ्यांना वाटतं उपकरणच लहरी आहे.

मालिमचा_ट्रॉलर
हा धागा रोज वाचतोय. आमच्याकडे एवढं काही नाही. जुना जीपीएस, फिशफाइंडर आणि व्हीएचएफ. व्हीएचएफच्या लाल (संकटाच्या) बटणाखाली ‘पोझिशन नाही’ असं कायम लिहून येतं. शिवाय सरकारच्या योजनेतला उपग्रहाचा ट्रान्सपॉन्डर बसवलाय. मुलगा म्हणतो सगळं एकमेकांना जोडून टाकू. जोडू का?

डीसी_वायरमन_वास्को
मालिमभाई, ट्रान्सपॉन्डर सोडून द्या. त्याला सर्व्हिस बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज द्या आणि कशालाही जोडू नका. बाकी सगळं बंद पडलं तरी तो एकटा चालला पाहिजे, संकटात संदेश पाठवायला तोच असणार.

व्हीएचएफचं मात्र आजच करा. तुमचा जीपीएस जुना म्हणजे त्यात एनएमईए ०१८३ असणार, १९८३ पासूनची पद्धत. त्याला टी-कनेक्टर वगैरे लागत नाहीत. जीपीएसमधून बाहेर येणारी तार व्हीएचएफच्या आत जाणाऱ्या तारेला, आणि परतीची तार परतीच्या तारेला. दोन्ही पुस्तिकांत तारांचे रंग दिलेले असतात, ते रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे अंदाजाने जोडू नका. दोन्हीकडे वेग ४८०० ठेवा. एक बोलणारा आणि दोन-तीन ऐकणारे चालतात, दोन बोलणारे एका तारेवर चालत नाहीत.

एवढं केलं की लाल बटण दाबल्यावर तुमच्या जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप जातात. त्याआधी रेडिओत बोटीचा एमएमएसआय (रेडिओवरची ओळख सांगणारा) क्रमांक भरलेला आहे ना ते बघा, त्याशिवाय ते बटण मुकं आहे.

नेरूलकर
काका, तुमचं खरं निघालं. मागच्या टी-ला टर्मिनेटर नव्हता, नुसतं काळं प्लास्टिकचं टोपण होतं. टर्मिनेटर मागवला, लावला, मीटरवर ६० आले.

एलईएनची बेरीज: दोन डिस्प्ले ५ आणि ५, जीपीएस ३, सेन्सर ३, व्हीएचएफ १, एआयएस १, गेटवे १, प्लॉटर १. एकूण २०, म्हणजे १ अँप.

व्होल्टेजही मोजलं. सगळं चालू ठेवून बॅटरीवर १२.५, मागच्या शेवटच्या टी-वर १०.९. मीटर मिन-मॅक्सवर ठेवून सेल्फ मारला, बॅटरीवर कमीत कमी ९.९ आणि शेवटच्या टी-वर ८.४. डिस्प्ले काळे का होतात ते डोळ्यांनी पाहिलं.

गाड्यांचा_इंजिनिअर_पुणे
अगदी पद्धतशीर मोजलंत. आता यातला एक आकडा मला खटकतोय.

या बारीक केबलचा रोध मीटरमागे ०.०५७ ओहम असतो. सूत्र सोपं आहे: ०.१ गुणिले एकूण एलईएन गुणिले मीटर गुणिले ०.०५७. तो ०.१ कुठून आला, तर ५० मिलिअँप गुणिले जाणारी आणि येणारी अशा दोन तारा. तुमचं गणित: ०.१ × २० × १० × ०.०५७ = १.१४ व्होल्ट. आणि हे सगळी उपकरणं शेवटच्या टोकाला आहेत असं धरून. तुमची तर केबलभर पसरलेली आहेत, म्हणजे खरी घट याहून बरीच कमी हवी. बॅटरीपासून शेवटच्या टोकापर्यंत १.५ च्या आत राहायला सांगतात. तुमची १.६ येतेय.

निदान अर्धा व्होल्ट केबलच्या बाहेर कुठेतरी जातोय. किल्लीचा स्विच, फ्यूज होल्डर, लग (तारेच्या टोकाचं कडं), यांपैकी एक.

डीसी_वायरमन_वास्को
शोधायची रीत सांगतो. जाळं चालू ठेव. मीटर डीसी व्होल्टवर. एक काडी फ्यूज होल्डरच्या बॅटरीकडच्या तारेला, दुसरी पलीकडच्या तारेला. चांगल्या होल्डरवर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. मग तसंच स्विचवर, मग प्रत्येक लगवर. काळ्या तारेची बाजूही विसरू नकोस, लोक फक्त लाल तपासतात. जिथे आकडा मोठा येईल तिथे तुझे व्होल्ट गळतायत.

दिवाडीचा_बोटसुतार
मी बोटी बांधतो, वायरिंग माझं काम नाही, पण वायर कुठून जाणार ते आम्हीच ठरवतो म्हणून लिहितो.

पॅनेलच्या मागे हात जायला जागा ठेवा. याच दिवाडी बेटावर नौदलाची म्हादेई बांधली गेली आणि ती घेऊन कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. दर्यात माणसाला जॉइंटपर्यंत हात पोचवता आला पाहिजे. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक बोटींत टी-कनेक्टर फायबरच्या आत चिणून टाकलेले असतात, ते बघायला कापावं लागतं.

दुसरं, केबल कनेक्टरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. टपावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळातून गळून जातं. झोळ नसेल तर तेच पाणी केबलच्या अंगावरून थेट पिनांत शिरतं. चार इंच जास्तीची केबल लागते, बाकी काही नाही.

देवगडचा_शिडवाला
झोळाला +१. मी पिनांवर सिलिकॉन ग्रीसही भरतो.

डीसी_वायरमन_वास्को
ग्रीस पिनांत भरू नका. रबरी रिंगवर आणि आट्यांवर पातळ हात फिरवा. पिनेत ग्रीस दाबून बसलं की त्यात रेती-मीठ अडकतं, आणि पुढच्या वेळी काढताना तेच आत ढकललं जातं.

देवगडचा_शिडवाला
काका, मान राखून सांगतो, मी सात वर्षं पिनांवर लावतोय आणि एकही कनेक्टर कळकलेला नाही. पण मी भरत नाही, बोटाच्या टोकावर येईल एवढंच लावतो, आणि दर मे महिन्यात ब्रशने पुसून नवीन देतो.

डीसी_वायरमन_वास्को
दर मे महिन्यात पुसत असशील तर मग ठीक आहे. माझ्याकडे येणाऱ्या बोटींत कुणी पुसत नाही, म्हणून मी नकोच सांगतो.

नेरूलकर
सापडलं.

पहिलं फ्यूज होल्डर. त्यावर ०.७ व्होल्ट आले. उघडला तर बाहेरून झाकण नवंकोरं, पण आतली पितळेची पाती हिरवीगार, कळंक इतका की फ्यूज ओढताना चुरा हातावर पडला. तार कापून बघितली. टिन न केलेली साधी तांब्याची, आत दोन इंचांपर्यंत काळी पडलेली. खारं पाणी धाग्याधाग्यातून वर चढलेलं.

पण खरं सांगायचंय ते बिल्जमधल्या जॉइंटचं. दिवाडीकरदादा, तुम्ही हात जायला जागा म्हणालात, मला तिथे पोचायला फळी काढून पोटावर झोपावं लागलं. बिल्ज पंपाच्या शेजारी, तळापासून चार बोटं वर, काळा टेप गुंडाळलेला गोळा. टेप सोलला तर आत चिकट पाणी. सेन्सरची मूळ केबल ६ मीटर होती, तिला ३ मीटरचा तुकडा जोडलेला. पाचही तारा नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या, क्रिम्प नाही, डागही दिलेला नाही. लाल तारेचे सात-आठ धागेच उरले होते, बाकीचे हिरवी पूड झालेले. हात लावला आणि तेही तुटले.

मग त्या संध्याकाळचा उलगडा झाला. पट्ट्यावर मागून लाट आली की बोटीचं नाक खाली जातं, मग वर उठतं. नाक उठलं की बिल्जमधलं पाणी धावत मागे येतं. तेच पाणी त्या गोळ्यावर आपटत होतं, धागे हलत होते आणि सेन्सरची वीज तुटत होती. खाडीच्या शांत पाण्यात धागे पुन्हा टेकायचे आणि आकडा परत यायचा. म्हणजे खोली नेमकी तिथेच जायची जिथे तिची सगळ्यात जास्त गरज होती. त्या दोन मुलांचा विचार येऊन मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

गाड्यांचा_इंजिनिअर_पुणे
भाऊ, वाचून अंगावर काटा आला. सेन्सर बदलला असता तर तोही त्याच गोळ्याला जोडला गेला असता.

डीसी_वायरमन_वास्को
बरं झालं पोटावर झोपलास. आता दुरुस्ती अशी कर.

तो ३ मीटरचा तुकडा फेकून दे. मुख्य केबल मागच्या डिस्प्लेपासून पुढे २ मीटर ट्रान्समपर्यंत ने, तिथे उंचावर, पाण्यापासून दूर, एक टी लाव आणि टर्मिनेटर आता तिथे हलव. सेन्सरच्या केबलची फांदी तिथे आखूड पडेल, जास्तीची असेल ती सैल गुंडाळून बांध. सेन्सरच्या केबलला जिथे कापलंय तिथे नवीन कनेक्टर लाव, जो बाहेर जोडता येतो असा मिळतो. क्रमांक लक्षात ठेव: पिन १ शील्ड, २ लाल, ३ काळी, ४ पांढरी, ५ निळी.

वीज आता १२ मीटरच्या केबलच्या मधे दे, केबिनच्या मागच्या भिंतीपाशी. सर्व्हिस बॅटरीवरून, स्वतंत्र स्विच, ३ अँपचा फ्यूज, तार टिन केलेली. वीज एकाच जागेवरून द्यायची. दुसऱ्या टोकाला आणखी एक जोड दिली की काम चांगलं होईल असं वाटतं, पण दोन जागांवरून दिली तर दोन काळ्या तारांमधून भलताच करंट फिरायला लागतो. शील्डही एकाच ठिकाणी अर्थ कर, वीज जिथे देतोस तिथेच.

प्लॉटर, व्हीएचएफ, एआयएस यांची वीज वेगळी. यांची स्वतःची जाड तार आणि स्वतःचा फ्यूज असतो, जाळ्यावर ते मुख्यतः माहिती देतात-घेतात. तुझा व्हीएचएफ २५ वॉटला बोलतो तेव्हा पाचेक अँप ओढतो. ती तारही इंजिनाच्या किल्लीवरून काढून सर्व्हिस बॅटरीवर घे.

रडार घेशील तेव्हा ते या केबलवर लावायला जाऊ नकोस. रडारचं चित्र या केबलवर मावत नाही, ते इथरनेटवर प्लॉटरला जातं.

मालिमचा_ट्रॉलर
काका, व्हीएचएफचं झालं. दोन तारा जोडल्या, आकाश मोकळं होतं, दोन मिनिटांत पडद्यावर अक्षांश-रेखांश आले. एमएमएसआय भरलेला नव्हता. तांडेलाला विचारलं तर म्हणतो, त्या बटणाला कधी कुणी हात लावला नाही. आता कागदपत्रं करायला घेतलीत.

एक विचारायचं होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत ट्रॉलर दोन महिने नुसता उभा असतो. त्या काळात या सगळ्याचं काय करायचं?

दिवाडीचा_बोटसुतार
बंदीतच सगळ्यात जास्त कळकतं. बोट हलत नाही, वीज चालू नाही, हवेत पाणी नुसतं भरलेलं. काढता येतील ते डिस्प्ले घरी न्या. उघडे राहिलेले कनेक्टर टोपणांनी बंद करा, कॅरीबॅग बांधू नका, आत घाम धरतो. बॅटरी घरी न्यायला जमली नाही तर निदान काळी तार सोडवा. पण बिल्ज पंपाची बॅटरी आणि तार तशीच चालू राहिली पाहिजे, जुलैत एका रात्रीत बोट भरते.

देवगडचा_शिडवाला
आणि विजांचं. एप्रिल-मेच्या अवकाळीत आणि ऑक्टोबरात आमच्याकडे विजा जास्त. मी बोटीवरून उतरताना जाळ्याचा स्विच बंद करतो आणि व्हीएचएफच्या अँटेनाची केबल मागून सोडवून ठेवतो. थेट पडली तर काही वाचणार नाही, पण जवळपास पडली तर रेडिओ वाचायची आशा असते.

गाड्यांचा_इंजिनिअर_पुणे
नेरूलकर, काकांच्या आराखड्याचं गणित करून ठेवलं. मागच्या बाजूला ७ मीटर: डिस्प्ले ५, सेन्सर ३, गेटवे १, म्हणजे ९. ०.१ × ९ × ७ × ०.०५७ = ०.३६ व्होल्ट. पुढच्या बाजूला ५ मीटर: ११ एलईएन, ०.३१ व्होल्ट. केबल २ मीटरने वाढली तरी घट एक तृतीयांशावर आली, फक्त वीज देण्याची जागा बदलून.

नेरूलकर
शनिवार-रविवार लागून काम पूर्ण केलं. आकडे लिहितो, कुणाला तुलनेला उपयोगी पडतील.

वीज बंद असताना पांढरी-निळी ६० ओहम. सगळं चालू असताना सर्व्हिस बॅटरी १२.६, ट्रान्समवरच्या शेवटच्या टी-वर १२.३. नव्या फ्यूज होल्डरवर ०.०२. सेल्फ मारताना शेवटच्या टी-वर कमीत कमी १२.२, डिस्प्लेने पापणीही लववली नाही. पाच वेळा मारून बघितला.

काल पाहुणे न घेता, फक्त धाकट्या भावाला घेऊन मुद्दाम ओहोटीला पट्ट्यावर गेलो. मागून लाट होती, त्या दिवसापेक्षा थोडी जास्तच. बिल्जमध्ये मुद्दाम दोन बादल्या पाणी ओतून ठेवलं होतं. तीन वेळा आत-बाहेर केलं. भाऊ मोठ्याने आकडे वाचत होता: २.८, २.५, २.३, २.२, २.४, ३.१. एकदाही रेघा आल्या नाहीत. शेवटच्या फेरीला त्याचा आवाज ऐकताना माझा गळा भरून आला.

काका, पुण्याचे भाऊ, दिवाडीकरदादा, देवगडकर, देव बरें करूं. सेन्सर जुनाच आहे आणि उत्तम चालतोय.

डीसी_वायरमन_वास्को
छान काम केलंस. आता हे आकडे एका कागदावर लिही, तारीख घाल, प्लास्टिकमध्ये घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटव. केबल कुठून कुठे जाते त्याचं चित्रही काढ, वाकडंतिकडं चालेल. पुढच्या वर्षी काही बिघडलं तर तुलना करायला आकडा हाताशी राहील, आणि तू बोटीवर नसलास तरी दुसऱ्याला कळेल.

मालिमचा_ट्रॉलर
काका, आमच्या जेटीवर आणखी चार-पाच ट्रॉलर आहेत, सगळ्यांच्या व्हीएचएफवर तेच ‘पोझिशन नाही’. पौर्णिमेच्या आसपास बरेच जण किनाऱ्यावर असतात. एक सकाळ येऊ शकाल का? जेवण आमच्याकडे.

डीसी_वायरमन_वास्को
येतो. प्रत्येकाला जीपीएस आणि रेडिओ, दोन्हींच्या पुस्तिका शोधून ठेवायला सांगा. मीटर आणि क्रिम्पिंगचा पाना मी आणतो.

नेरूलकर
काका, नेरूलहून मी पण येतो. तारा धरायला दोन हात होतील. टिन केलेल्या तारेचं अर्धं बंडल उरलंय, ते घेऊन येतो.